स्वांते पाबो यांना नोबेल नेमकं कशासाठी? हाडांतल्या डीएनएबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करतोय. स्वांते पाबो यांना 2022 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्याला मिळालं. जुन्या हाडातून डीएनए काढणं ही इतकी मोठी गोष्ट आहे का? आपल्या भारतीयांच्या अंगात निअँडरथलचा अंश आहे म्हणतात, त्याला आज काही अर्थ आहे का? आणि हे काम भारतात करायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?"

मी बरीच वर्षं जुन्या हाडांमधल्या डीएनएवर काम करते. प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी एक गैरसमज दूर करते. हाडातून डीएनए काढणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. पन्नासेक मिलिग्रॅम हाडाची पूड घ्यायची, ईडीटीए आणि प्रोटीनेज-के यांच्या द्रावणात रात्रभर 37 अंशांवर फिरत ठेवायची. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, प्रोटीनेज-के प्रथिनं कापतं, सकाळी जे विरघळलेलं असतं त्यातला डीएनए सिलिकाला चिकटवून वेगळा करायचा. जवळजवळ प्रत्येक हाडातून काही ना काही डीएनए निघतोच. तो कोणाचा, इथे सगळं पाणी मुरतं. मातीतल्या जिवाणूंचा? बुरशीचा? हाड उकरणाऱ्या मजुराचा? शंभर वर्षांपूर्वी ते हाताळलेल्या संग्रहालयातल्या माणसाचा? की माझाच, कारण मी त्याच्यावर वाकून बोलत होते? पाबो यांची चाळीसेक वर्षं या एका "कोणाचा?" मध्ये गेली, आणि माझ्या मते नोबेल त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. निअँडरथल, म्हणजे आपल्याशी जवळचं नातं असलेला नामशेष मानव, त्याचा जीनोम (त्याच्या डीएनएचा अख्खा मजकूर) हे त्या उत्तराचं फळ.

सुरुवात इजिप्तच्या ममींपासून झाली. पाबो 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात पीएचडी करत होते. विषय होता अ‍ॅडेनोव्हायरसचं एक प्रथिन, पण ओढ लहानपणापासून इजिप्तची. वाळलेल्या मांसात डीएनए टिकतो का हे बघायला त्यांनी वासराचं यकृत आणून प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये वाळवलं. वास सुटला, पण डीएनए टिकला. मग संग्रहालयांतल्या 23 ममींचे नमुने मिळवले, त्यातल्या एका लहान मुलाच्या, सुमारे 2,400 वर्षं जुन्या ममीतून डीएनए मिळाल्याचं 1985 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. मोठा गवगवा झाला. आज तो निकाल कोणी धरत नाही. तो तुकडा बहुधा आधुनिक माणसाचाच होता, आणि हे पाबो यांनी स्वतः पुढे मान्य केलं.

त्या काळात हा एकच निकाल असा नव्हता. 1990 च्या दशकात पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याचं तंत्र, हातात आल्यावर लाखो, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डीएनएचे दावे येऊ लागले: अंबरमध्ये (झाडाच्या चिकाच्या खड्यात) अडकलेले किडे, अमेरिकेतल्या सरोवराच्या तळाशी गाडली गेलेली मॅग्नोलियाची पानं, आणि 1994 मध्ये चक्क डायनोसॉरच्या काळातलं हाड. पीसीआरचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. नमुन्यात एक जरी धड, अखंड रेणू असेल तर तो त्याच्या कोट्यवधी प्रती काढतो, आणि जुना डीएनए तुटकाफुटका असल्यामुळे शर्यत नेहमी ताजा डीएनए जिंकतो. ज्याला डायनोसॉरचा म्हटलं गेलं तो माणसाचाच डीएनए होता, हे दाखवणाऱ्यांत पाबो यांचा गटही होता. इकडे रसायनशास्त्रज्ञ टॉमस लिंडाल यांनी 1993 मध्ये डीएनए आपोआप किती वेगाने मोडतो याचं रसायनशास्त्र मांडून ठेवलं होतं. त्या हिशेबात कोट्यवधी वर्षं बसतच नव्हती. क्षेत्राची पत पार गेली होती. चांगले लोक यातून बाहेर पडत होते.

पाबो बाहेर पडले नाहीत. ते मागे फिरले आणि ताकही फुंकून प्यायला लागले. मानवाचे नमुने बाजूला ठेवून त्यांनी आधी मॅमथ, गुहेतलं अस्वल, जमिनीवर राहणारा नामशेष स्लॉथ असे प्राणी घेतले, कारण तिथे आपला डीएनए मिसळला तर तो लगेच ओळखू येतो. माणसाच्या नमुन्यात माणसाचा डीएनए मिसळला तर ओळखायचा कसा, हा पेच शिल्लकच होता.

त्याचं उत्तर मिळालं झिजेतून. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी, म्हणजे सायटोसीन, काळाच्या ओघात पाण्याच्या संपर्काने आपला अमिनो गट गमावतं आणि युरॅसिल बनतं. आपण तो तुकडा वाचतो तेव्हा एन्झाइम युरॅसिलला थायमीन समजतं, म्हणून मूळ सी च्या जागी टी दिसतो. हे कुठेही घडू शकतं, पण तुकड्याच्या टोकांना फार जास्त घडतं, कारण तिथे दुहेरी साखळीतला एकच धागा उघडा पडलेला असतो. जुन्या पोथीच्या पानांच्या कडा झिजतात, मधली अक्षरं शाबूत राहतात, आणि कडा कोऱ्या करकरीत असतील तर जाणकाराला पोथीच्या वयाचा संशय येतो, तसंच हे.

एक तुकडा काही सिद्ध करत नाही. पण लाखभर तुकडे एकाखाली एक लावून प्रत्येक स्थानावर किती सी चे टी झालेत हे मोजलं की जो आलेख मिळतो तो मी रोज बघते. मध्ये सपाट रेषा, डाव्या टोकाला सी चे टी वर चढत गेलेले, उजव्या टोकाला त्याचं प्रतिबिंब म्हणून जी चे ए वर चढलेले. चांगल्या जुन्या नमुन्यात टोकाच्या अक्षरावर हे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जातं. ताज्या डीएनएत ती रेषा तळाला झोपलेली असते. नवीन नमुन्याचे आकडे आले की आमच्याकडे सगळे आधी हा आलेख उघडतात. बाकी कितीही आकर्षक निकाल असो, ही टोकं वर चढलेली नसतील तर पुढे काही बोलायचं नाही, असा दंडक आहे. आणखी एक खूण लांबीची. जुने तुकडे तीस, चाळीस, फार तर सत्तर अक्षरांचे असतात. दीडशे-दोनशे अक्षरांचे लांबलचक तुकडे भरपूर दिसायला लागले की समजायचं, कोणीतरी जिवंत माणूस नमुन्यात शिरलाय.

ही झीज 2007 मध्ये पाबो यांच्या गटातल्या एड्रियन ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी निअँडरथलच्या तुकड्यांवर नीट मोजून मांडली. जे नुकसान इतकी वर्षं अडथळा वाटत होतं, तोच आता जुनेपणाचा दाखला झाला. तुम्ही विचारलंत, यात मोठं काय? मला विचाराल तर हे.

आता निअँडरथलकडे येऊ. जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात, फेल्डहोफर गुहेत 1856 मध्ये खाणकामगारांना जी हाडं सापडली, ज्यांच्यावरून या मानवाला नाव मिळालं, त्याच सांगाड्याच्या उजव्या दंडाच्या हाडाचा एक तुकडा पाबो यांच्या गटाला मिळाला. तेव्हा ते म्युनिकला होते. मथियास क्रिंग्स या त्यांच्या विद्यार्थ्याने 1997 मध्ये त्यातून मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या, डीएनएची 379 अक्षरं वाचली. फक्त 379, आणि अख्खा जीनोम तीन अब्जांहून अधिक अक्षरांचा! पण मायटोकाँड्रियाच का, हे लक्षात घ्या. पेशीत केंद्रकातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, मायटोकाँड्रियाच्या शेकडो-हजारो, त्यामुळे काहीतरी शिल्लक असण्याची शक्यता तिथेच जास्त. आज जिवंत असलेल्या कोणत्याही दोन माणसांत या भागात सरासरी 8 फरक असतात, निअँडरथल आणि आपल्यात सरासरी 27 निघाले. हाडाचा एक भाग अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात पाठवून अ‍ॅन स्टोन यांच्याकडून स्वतंत्रपणे तेच उत्तर मिळेपर्यंत त्यांनी लेख पाठवला नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून ताडून घेण्याची ही शिस्त तेव्हा जाचक वाटली असेल, पण आज तिच्यामुळेच तो लेख उभा आहे.

निष्कर्ष असा निघाला, की निअँडरथलने आपल्याला मायटोकाँड्रियाचा डीएनए दिलेला दिसत नाही. अनेकांनी याचा अर्थ "दोघांत संबंध आलाच नाही" असा घेतला. पण मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो, ती एकच रेषा, आणि एकच रेषा वाटेत कधीही खुंटू शकते. खरं उत्तर केंद्रकातल्या जीनोममध्येच होतं.

तो मिळवायला आणखी तेरा वर्षं लागली. तोवर पाबो लाइपझिगला आले होते, 1997 मध्ये स्थापन झालेल्या माक्स प्लांक उत्क्रांती मानवशास्त्र संस्थेत. 2006 मध्ये त्यांनी दोन वर्षांत निअँडरथलचा जीनोम वाचण्याची घोषणा केली. त्याच वर्षी पहिल्या दहा लाख अक्षरांचा लेख आला, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्या आकड्यांत आधुनिक माणसाचा डीएनए बराच मिसळला आहे. यावर गटाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. निअँडरथलच्या तुकड्यांना क्लीनरूममधून (बाहेरचा डीएनए शिरू नये म्हणून राखलेल्या खोलीतून) बाहेर पडण्याआधीच चार अक्षरांची एक खास खूण जोडायची पद्धत त्यांनी सुरू केली. पुढे ज्या तुकड्यावर ती खूण नाही तो वाटेत कुठेतरी घुसलेला, सरळ फेकून द्यायचा. आज प्रत्येक लायब्ररीला (वाचण्यासाठी तयार केलेल्या डीएनए-तुकड्यांच्या संचाला) बारकोड लावताना आम्ही त्याच युक्तीचा पुढचा अवतार वापरतो.

दुसरी अडचण जिवाणूंची. क्रोएशियातल्या विंडिया गुहेच्या हाडांतून निघालेल्या डीएनएत निअँडरथलचा वाटा शेकडा एक ते पाच, उरलेला सगळा सूक्ष्मजीवांचा. गटाने अशी एन्झाइम निवडली जी जिवाणूंच्या डीएनएत वारंवार येणाऱ्या जागांवर कापतात आणि आपल्यासारख्यांच्या डीएनएत क्वचितच. त्यामुळे निअँडरथलचा वाटा कित्येक पटींनी वाढला. अशा सात-आठ क्लृप्त्या एकावर एक रचल्या तेव्हा कुठे मे 2010 मध्ये तीन हाडांतून वाचलेली एकूण चार अब्ज अक्षरं (काही जागा एकाहून जास्त वेळा वाचलेल्या) जुळवून मसुदा हाती आला.

मिश्रण झालं की नाही हे ठरवण्याची युक्ती सुंदर आहे, ती समजून घ्या. निअँडरथल युरोप आणि पश्चिम आशियात राहत होता, आफ्रिकेत नाही. समजा आपल्या पूर्वजांशी त्याचा काहीच संबंध आला नाही, तर तो आजच्या फ्रेंच माणसाला जितका जवळ, तितकाच आजच्या पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा माणसाला जवळ असायला हवा, कारण त्या दोघांचा निअँडरथलशी असलेला दुवा एकाच प्राचीन पूर्वजातून जातो. म्हणून जीनोममधल्या अशा जागा मोजायच्या जिथे या दोघांत फरक आहे आणि निअँडरथल एकाच्या बाजूने आहे. दोन्ही बाजूंना मतं समान पडली तर मिश्रण नाही. मतं समान पडली नाहीत. फ्रेंच माणूस जवळचा निघाला. पण आश्चर्य पुढे होतं: चीनमधला हान आणि पापुआ न्यू गिनीतला माणूसही तितकेच जवळचे निघाले, आणि तिथे तर निअँडरथल कधी पोहोचल्याचा पुरावा नाही. याचा सरळ अर्थ, आफ्रिकेबाहेर पडलेल्या माणसांची जगभर पांगापांग होण्याआधीच, बहुधा पश्चिम आशियात, संबंध आला. ही मोजणी उभी करण्यात डेव्हिड राइख आणि निक पॅटरसन यांचा हात मोठा आहे, आणि एड ग्रीन यांचाही. पाबो स्वतः मिश्रण झालं नसावं या मताचे होते. आकड्यांनी त्यांचं मत बदलायला लावलं.

आज अंदाज असा आहे, की आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या जीनोममध्ये निअँडरथलचा वाटा एक ते दोन टक्क्यांच्या आसपास आहे. हे मिश्रण सुमारे 50,500 ते 43,500 वर्षांपूर्वीच्या काळात होत राहिलं, असं 2024 मधल्या एका अभ्यासाने काढलं. रुमेनियातल्या ओआसे गुहेतल्या एका जबड्याच्या मालकाच्या अंगात तर हा वाटा सहा ते नऊ टक्के होता. म्हणजे चार ते सहा पिढ्यांमागचा त्याचा एक पूर्वज अस्सल निअँडरथल होता.

डेनिसोवाची गोष्ट मला यातली सगळ्यात विलक्षण वाटते. सायबेरियात, अल्ताई पर्वतातल्या डेनिसोवा गुहेत रशियन पुरातत्त्वज्ञांना 2008 मध्ये करंगळीच्या हाडाचं एक टोक मिळालं. योहानेस क्राउझ यांनी त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए वाचला. निअँडरथल आणि आपल्यात त्या संपूर्ण डीएनएत सरासरी 202 फरक, या करंगळीत आणि आपल्यात 385! ना आपण, ना निअँडरथल. गुहेवरून या मानवांना डेनिसोवन म्हणतात. तोवर मानवाचा नवा प्रकार ठरायचा तो कवटी, दात, कपाळाची कमान बघून. इथे पहिल्यांदाच एक अख्खा मानवसमूह कवटीशिवाय, निव्वळ डीएनएवरून ओळखला गेला. मथियास मायर यांनी डीएनएचे दोन धागे वेगळे करून प्रत्येकाची स्वतंत्र लायब्ररी करण्याची पद्धत बसवली, आणि 2012 मध्ये त्याच करंगळीचा जीनोम तीस-तीस वेळा वाचून झाला, म्हणजे आजच्या जिवंत माणसाच्या जीनोमच्या तोडीचा. एवढ्याशा हाडातून! 2018 मध्ये त्याच गुहेतल्या हाडाच्या एका चिपेतून विव्हियान स्लोन यांनी एक मुलगी शोधली, जिची आई निअँडरथल आणि वडील डेनिसोवन होते. 2025 मध्ये चीनमधल्या हार्बिनच्या जाडजूड कवटीचं नातं डेनिसोवन लोकांशी जुळलं आणि करंगळीला अखेर चेहरा मिळाला. ते काम करणाऱ्या फू छ्याओमेई पाबो यांच्याच विद्यार्थिनी.

नोबेल एकट्याला का, याबद्दल माझं मत सांगते. वर जितकी नावं आली त्यातल्या कित्येकांशिवाय हे झालं नसतं. तरीही मी निवड समितीच्या बाजूने आहे. पत गेलेल्या क्षेत्रात टिकून राहून, आपल्याच निकालांवर आधी संशय घेण्याची सवय एका अख्ख्या पिढीला लावणं, हे काम एका माणसाभोवती उभं राहिलं. जाता जाता, त्यांचे वडील सुने बर्गस्ट्रॉम यांनाही 1982 मध्ये वैद्यकशास्त्राचंच नोबेल मिळालं होतं. पाबो आडनाव लावतात ते आईचं. कारिन पाबो एस्टोनियातून आलेल्या रसायनशास्त्रज्ञ होत्या आणि मुलाला त्यांनी एकटीने वाढवलं.

"वैद्यकशास्त्राचं नोबेल याला कसं?" असं बरेच जण विचारतात, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. हा भाग आपल्या दारातला आहे. कोविडमध्ये काही धडधाकट माणसं एकदम गंभीर झाली. त्यामागे अनेक कारणं होती, पण जनुकीय कारणांतलं सगळ्यात ठळक तिसऱ्या गुणसूत्रावर सापडलं. पाबो आणि त्यांचे सहकारी हुगो झेबर्ग यांनी 2020 मध्ये दाखवलं, की जोखीम वाढवणारा हा सुमारे पन्नास हजार अक्षरांचा सलग तुकडा निअँडरथलकडून आलेला आहे, आणि विंडिया गुहेतल्या निअँडरथलशी तो जवळजवळ तंतोतंत जुळतो. आता त्याचा पसारा बघा. युरोपात सुमारे सोळा टक्के लोकांत तो आहे, पूर्व आशियात जवळपास नाहीच, आणि दक्षिण आशियात निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे. बांगलादेशात तर 63 टक्क्यांकडे. रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता हा तुकडा सुमारे 1.6 पटींनी वाढवतो.

हे वाचून कोणी घाबरू नये. वयाचा धोका याहून कितीतरी मोठा होता. शिवाय बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा एक निअँडरथल तुकडा गंभीर कोविडची शक्यता सुमारे 22 टक्क्यांनी कमी करतो. आणि तिसऱ्या गुणसूत्रावरचा तोच बदनाम तुकडा एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे 27 टक्क्यांनी कमी करतो, असं झेबर्ग यांना 2022 मध्ये दिसलं. आपल्याकडे तो इतका का पसरला असावा, याचं उत्तर कदाचित एखाद्या जुन्या साथीत असेल. तिबेटी लोक ज्या जनुकाच्या जोरावर विरळ हवेत राहतात, त्या ईपीएएस-1 चा त्यांच्यातला प्रकारही डेनिसोवनसारख्या मानवांकडून आलेला आहे.

मात्र लाळ पाठवून "तुमच्यात सरासरीपेक्षा जास्त निअँडरथल आहे" असं सांगणाऱ्या अहवालांना फार महत्त्व देऊ नका. एकूण टक्केवारीतून ना आरोग्य कळतं ना स्वभाव. महत्त्व असतं कोणता तुकडा कुठे आहे याला, आणि तुमचे दोन टक्के व माझे दोन टक्के वेगवेगळे असतात. 2025 मध्ये प्रिया मूर्जानी यांच्या गटाने 2,762 भारतीयांच्या जीनोममधले असे तुकडे एकत्र केले, तेव्हा निअँडरथलचा जवळपास अर्धा जीनोम त्यातून जुळून आला. या विषयात भारतीयांचा अभ्यास किती मोलाचा आहे हे एवढ्यावरून कळावं.

उलट बाजूनेही विचार करा. निअँडरथल शेजारी ठेवल्याशिवाय आपण वेगळे कशात हे कळत नाही. भाषेशी संबंधित फॉक्सपी-2 या जनुकातले दोन बदल फक्त आपल्यात आहेत असं 2002 मध्ये वाटलं होतं, कारण तुलनेला चिंपांझी होता. 2007 मध्ये निअँडरथलच्या हाडांत तेच दोन बदल सापडले. आता जिवंत असलेल्या जवळजवळ सगळ्या माणसांत आहेत पण निअँडरथल-डेनिसोवनमध्ये नाहीत, असे प्रथिनं बदलणारे फरक शंभराच्या आत उरलेत. शंभराची यादी प्रयोगशाळेत तपासता येते, आणि तेच काम आता चालू आहे.

शेवटी भारताबद्दल. आपला पहिला शत्रू उष्णता. डीएनए मोडण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो, वर पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात भट्टी. हरियाणातल्या राखीगढीचं उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं. हडप्पा संस्कृतीच्या त्या स्मशानभूमीतले 61 नमुने तपासले, त्यांपैकी एका स्त्रीच्याच हाडातून कामापुरता डीएनए मिळाला, आणि तोही शंभराहून जास्त लायब्ररी करून, थेंब थेंब गोळा करून. 2019 मध्ये तो 'सेल'मध्ये आला. तिच्या जीनोममध्ये मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश नव्हता. तो अंश भारतीय उपखंडात नंतर, इसवी सनपूर्व 2000 ते 1500 च्या सुमारास आला असं त्याच वर्षीचं 523 प्राचीन व्यक्तींवरचं मोठं काम सांगतं. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. आपल्याकडे जो तो त्यातली सोयीची तेवढी उचलतो, याचं मला मनापासून दुःख होतं. एका स्त्रीचा जीनोम फार काही सांगतो, पण अख्ख्या संस्कृतीची भाषा कोणती होती हे तो सांगत नाही.

थंडीत चित्र पालटतं. उत्तराखंडात पाच हजार मीटरवरच्या रूपकुंड तलावाकाठच्या सांगाड्यांपैकी 38 जणांचा जीनोम वाचता आला, आणि त्यात 14 जण पूर्व भूमध्य भागातल्या वंशाचे निघाले, तेही जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे. कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. महाराष्ट्रात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला ताम्रपाषाण काळातल्या घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुलं आहेत. अशी तीन हजार उन्हाळे सोसलेली हाडं हाती घ्यायची तर आतल्या कानाभोवतीचं पेट्रस हाड आधी बघायचं, कारण शरीरातलं ते सगळ्यात घट्ट हाड आणि डीएनए तिथे सर्वांत जास्त टिकतो. नर्मदाकाठी हथनोराला 1982 मध्ये अरुण सोनाकिया यांना सापडलेली प्राचीन मानवाची कवटी याहून कितीतरी जुनी आहे. अशा ठिकाणी मला डीएनएपेक्षा प्रथिनांकडून जास्त आशा वाटते. ती जास्त काळ टिकतात, आणि तिबेटच्या पठारावरचा शियाहे इथला 1,60,000 वर्षं जुना जबडा डेनिसोवन आहे हे 2019 मध्ये प्रथिनांवरूनच कळलं. शिवाय 2017 पासून गुहेतल्या नुसत्या मातीतून मानवी डीएनए काढता येतो. आपल्या गुहांतली माती त्या नजरेने बघायला हवी.

तुम्हाला यायचं असेल तर एमएस्सी चालू असतानाच संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग पक्कं करा. हाताने काम शिकवता येतं, पण आकड्यांची भीती घेऊन आलेला विद्यार्थी दोन वर्षं मागे पडतो. हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र संशोधन केंद्र) आणि लखनौची बीरबल साहनी संस्था या दोन ठिकाणी हे काम चालतं, तिथे प्रकल्पासाठी अर्ज करा. डेक्कन कॉलेजात जाऊन एखादं उत्खनन प्रत्यक्ष पाहा. हाड जमिनीतून कसं निघतं, कोण हात लावतं, कशाने धुतात हे न पाहिलेल्या माणसाला पुढे आपल्या नमुन्यात काय मिसळलंय ते कळत नाही. क्लीनरूमची तयारी मनाने करा: दुहेरी हातमोजे, अंगभर सूट, मास्क, दर थोड्या वेळाने ब्लीचने पुसणं, रात्री अतिनील दिवा. पीसीआरच्या खोलीत एकदा गेलात की त्या दिवशी परत क्लीनरूममध्ये पाऊल टाकायचं नाही. आणि प्रत्येक खेपेला एक नळी हाड न घालता, बाकी सगळं तसंच करून चालवायची. त्या रिकाम्या नळीत काही निघालं तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द. पहिल्या मुलाखतीत मी उमेदवाराला या नळीबद्दलच विचारते.